जुन्या मोटारीचे बुश : रबर की पॉलियुरेथेन?

अँबॅसॅडर मोटारीचे उत्पादन २०१४ साली थांबले, पण जुन्या गाड्या काहींनी जपून ठेवल्या आहेत. अशी गाडी खड्ड्यात मागून खडखडते, वळणावर मागचा भाग बाजूला सरकल्यासारखा वाटतो. पुष्कळदा दोष पाट्यांचा नसतो. पाट्यांच्या टोकांच्या भोकांतले रबरी बुश संपलेले असतात. बुश म्हणजे लोखंडावर लोखंड आपटू नये म्हणून मध्ये घातलेली गादीच म्हणा ना!

हल्ली पॉलियुरेथेनचे बुश मिळतात. जर्मनीत ओट्टो बायर यांनी १९३७ साली शोधलेला हा पदार्थ आज चपलेच्या तळव्यातही असतो. तेलाने रबर फुगते, हा सहसा फुगत नाही, झिजतोही कमी. मग डोळे मिटून हाच घालावा काय? माझ्या मते, नाही.

याचा कठीणपणा ‘शोअर’ मापाने सांगतात. रबरी बुश साठाच्या आसपास असतो. पॉलियुरेथेनचा सत्तरपासून पंचाण्णवपर्यंत मिळतो. रंगावर जाऊ नका. एका कारखान्याचा पिवळा मऊ, तर दुसऱ्याचा कठीण. आकडा विचारा.

खरी मेख पुढेच आहे. एक चाक खड्ड्यात नि दुसरे दगडावर गेले, की पाटा पिळला जातो. मऊ बुश तो पीळ पोटात घेतो. कठीण बुश घेत नाही. तो पीळ जोडांवर जातो. अँबॅसॅडरला वेगळी चासी नाही, सगळी मदार पत्र्याच्या सांगाड्यावर. तिथे गंज असेल तर पत्रा फाटायचा, आणि आत शाळेची पोरे बसलेली! म्हणून आधी गंज पाहावा, आणि खेड्यातल्या रस्त्याला ऐंशीच्या आतलाच बुश घ्यावा. शर्यतीचा नव्वदचा आपल्या कामाचा नव्हे. पत्रा कमजोर असेल तर सरळ नवे रबरच घाला.

बसवताना मिस्त्रीजवळ उभे राहा. आतली लोखंडी नळी बुशापेक्षा केसभर लांब हवी. बोल्टने नळी आवळली जावी, बुश नव्हे. पॉलियुरेथेन नळीभोवती फिरते, म्हणून सिलिकॉनचे ग्रीस लावावे; नाहीतर वंगण नसलेल्या बैलगाडीसारखे करकरेल. नळीला चिकटवलेला रबरी बुश मात्र फिरत नाही, पिळवटतो. त्याचा बोल्ट गाडी चाकांवर उभी करूनच शेवटचा आवळावा. जॅकवर उचललेली असताना आवळला, तर गाडी खाली येताच रबराला कायमचा पीळ बसतो आणि नवा बुश लवकर फाटतो.