मनांतील तालीम

खेळाडूचा सराव मैदानावर होतो, हें सर्वांस ठाऊक आहे. तो अंथरुणावर पडल्यापडल्याही होऊं शकतो, असें कोणी म्हटलें तर तें आळशाचें तत्त्वज्ञान वाटण्याचा संभव आहे. तथापि पुढील हकीकत विचार करण्याजोगी आहे.

१३ ऑगस्ट २००८ रोजीं बेजिंग येथील ऑलिंपिक सामन्यांत दोनशे मीटर बटरफ्लायच्या अंतिम शर्यतीसाठीं अमेरिकेच्या मायकेल फेल्प्सनें पाण्यांत सूर मारला, आणि त्याच्या डोळ्यांवरील चष्म्यांत पाणी शिरूं लागलें. शेवटीं समोरची भिंतही दिसेनाशी झाली. परंतु तो गोंधळला नाहीं. एका फेरीस किती हात मारावे लागतात हें त्यास पक्कें ठाऊक होतें. ते मोजीत त्यानें भिंत गांठली. १ मिनिट ५२.०३ सेकंद! सुवर्णपदक तर मिळालेंच, शिवाय तो त्या वेळचा जागतिक उच्चांकही ठरला.

हा दैवयोग नव्हता. त्याचे गुरु बॉब बोमन यांनीं त्यास लहानपणींच एक नियम घालून दिला होता : रात्रीं निजतांना व सकाळीं उठतांच संपूर्ण शर्यत मनांत पोहावयाची. उडी, प्रत्येक हात, भिंतीपाशीं घ्यावयाचें वळण यांबरोबरच संभाव्य विघ्नेंही त्यांत येत. मनोराज्य आणि मानसिक सराव यांत भेद आहे तो हाच. मनोराज्यांत केवळ पदक दिसतें. सरावांत तेथवरची वाट दिसते.

अशा सरावाचा मेंदूवर काय परिणाम होतो, हें १९९५ सालीं आल्वारो पास्क्वाल-लिओने व त्यांचे सहकारी यांनीं पियानोवरील बोटांच्या एका धड्यावरून तपासलें. एक गट रोज दोन तास प्रत्यक्ष वाजवी. दुसरा बोटें न हलवितां तेंच वाजविल्याची कल्पना करी. पांच दिवसांनीं बोटें हलविणारा मेंदूचा भाग दोन्ही गटांत सारखाच विस्तारलेला आढळला. मात्र हाताचें कौशल्य प्रत्यक्ष वाजविणारांचेंच सरस ठरलें. पुढें दुसऱ्या गटानें एकदांच दोन तास प्रत्यक्ष वाजविलें, तेव्हां ती उणीवही भरून निघाली.

यांतील बोध उघड आहे. क्रिकेट शिकणाऱ्या मुलानें रात्रीं कांहीं मिनिटें डोळे मिटून, प्रेक्षकाच्या नव्हे तर स्वतःच्याच डोळ्यांनीं, येणारा चेंडू पाहावा. हातांतील बॅटचें वजन, पावलाची हालचाल खऱ्या गतीनें अनुभवावी. मात्र उजाडतांच त्यानें मैदान गांठलेंच पाहिजे. मनांतील तालीम श्रमांस फळ आणते. श्रम चुकविण्याची ती युक्ति नव्हे.