शाई लागलेल्या बोटाचे भय

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचे शब्दांकन)



मतदाराला केंद्रापासून दूर ठेवू इच्छिणाऱ्याला प्रत्येक दारात बंदूक घेऊन उभे राहावे लागत नाही. एखादे पत्रक झाडाला चिकटवावे, एखादी हत्या करावी. पुढचे काम अफवा करते. १९८९च्या लोकसभा निवडणुकीत काश्मीर खोऱ्याने हे अनुभवले. दहशतवाद्यांनी बहिष्काराचे फर्मान काढले आणि बारामुल्ला व अनंतनाग मतदारसंघांत जेमतेम पाच टक्के मतदान झाले. श्रीनगरचा उमेदवार तर बिनविरोध निवडून आला. उरलेले पंच्याण्णव टक्के लोक बहिष्काराच्या बाजूचे होते, असे म्हणणे सोपे आहे. परंतु भयभीत माणसाच्या घरी बसण्याला जनमताचा कौल म्हणता येत नाही. त्याच बारामुल्ल्यात २०२४ साली सुमारे ५९ टक्के मतदान झाले.

या धमक्यांचे मर्म आपल्या डाव्या तर्जनीवरील शाईत आहे. म्हैसूरच्या सरकारी कारखान्यात १९६२ पासून तयार होणाऱ्या या शाईत सिल्व्हर नायट्रेट असते; ती धुऊन जात नाही. एकाने दोनदा मत देऊ नये म्हणून केलेली ही योजना. पण रानातल्या पाड्यावर तीच खूण माणसाच्या विरुद्ध पुरावा ठरते. अफगाणिस्तानात २०१४ साली हेरात प्रांतात तालिबानने अकरा मतदारांची शाई लागलेली बोटे छाटली. आपल्या बस्तरमध्येही ‘मत देतो, पण शाई लावू नका’ अशी विनवणी ग्रामस्थांनी केलेली आहे. शहरात आपण तेच बोट उंचावून छायाचित्र काढून घेतो!

गडचिरोलीचे उदाहरण तर आपल्या घरचे. माओवाद्यांचा बहिष्कार तेथे प्रत्येक निवडणुकीत ठरलेला असे. त्यामुळे या भागात मतदान दुपारी तीन वाजताच संपवावे लागते, म्हणजे कर्मचाऱ्यांना उजेडात परतता येते. दुर्गम केंद्रांवर यंत्रे आणि माणसे हेलिकॉप्टरने पोहोचवली जातात. ११ एप्रिल २०१९ रोजी, ऐन मतदानाच्या दिवशी, एटापल्ली तालुक्यात वाघेझरी केंद्राजवळ स्फोट घडवला गेला. पुढे १ मे रोजी जांभुळखेड्याजवळ सुरुंगस्फोटात पंधरा पोलीस आणि त्यांचा वाहनचालक यांनी प्राण गमावले. तरीही गडचिरोली-चिमूर मतदारसंघात त्या वर्षी सुमारे ७२ टक्के मतदान झाले, २०२४ मध्येही जवळजवळ तेवढेच. पुणे-मुंबईत सुट्टी असते, केंद्र चालत जाण्याच्या अंतरावर असते, तरी आकडा पन्नाशीच्या आसपास रेंगाळतो. ही तुलना मी टोचण्यासाठीच करीत आहे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती आणि त्याच्या साठ साथीदारांनी गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. बंदूक मागे हटली. अफवा मात्र हटत नाही. ‘कोणाला मत दिले ते यंत्रावरून कळते’, ही त्यातली सर्वांत घातक. मतदाराचे नाव यंत्रात जातच नाही. खरा कच्चा दुवा वेगळा आहे: मतमोजणी केंद्रनिहाय होते, त्यामुळे एका मताचा नव्हे, तरी एका लहान वस्तीचा कल उघड होतो. दमदाटी करणारा नेमका याचाच आधार घेतो. हे लपवून ‘काही कळत नाही’ असे सांगाल, तर पुढच्या वेळी तुमच्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

शहरी अफवा सुशिक्षित असते. २०१९ साली भ्रमणध्वनीवर एक संदेश घरोघर फिरला: यादीत नाव नसेल तर आधार कार्ड दाखवा आणि ‘चॅलेंज व्होट’ मागा. असा कोणताही अधिकार नाही. यादीत नाव नसेल तर मत नाही, आणि नामनिर्देशनाच्या शेवटच्या दिवसानंतर यादीत नाव घालता येत नाही. हा संदेश सद्भावनेने पुढे पाठवणाऱ्यांनी किती जणांना वेळेवर अर्ज करण्यापासून परावृत्त केले असेल! आपल्या नावावर दुसऱ्यानेच मत दिले असेल तर मात्र परत फिरू नये. केंद्राध्यक्षांकडे ओळख पटवून ‘टेंडर्ड’ मतपत्रिका मागावी. ते मत यंत्रावर नव्हे, कागदावर नोंदले जाते आणि पाकिटात वेगळे ठेवले जाते.

तेव्हा वस्तीची यादी आजच हाती घ्यावी. एकट्या राहणाऱ्या वृद्धांची, नव्याने राहायला आलेल्यांची आणि लग्न होऊन आलेल्या सुनांची नावे आधी तपासावीत.