वाघ मोजले, हाकारे नाही
(मेळाव्यातील भाषण)



सरगुजाच्या महाराजांनी उतारवयात आपल्या शिकारीचा हिशोब सांगितला: ११५० वाघ. शेजारच्या कोरियाच्या राजानं १९४७ साली तीन चित्ते मारले. १९५२ मध्ये देशातला चित्ता संपला असं सरकारनं जाहीर केलं.

राजे-साहेबांसाठी रान उठवायला हाकारे कोण जायचे? वेठीला धरलेले आपलेच आदिवासी. त्यांचा आकडा कुठल्याच वहीत नाही. १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद झाली. पण जंगल कुणी संपवलं म्हटलं, की बोट आपल्याकडं!

म्हणून आम्ही सांगतो, गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा: कोणत्या रानात, कोणासाठी हाका घातला? लिहून काढा, अंगठे घ्या. हाकारे होते म्हणजे गाव होतं. हा पुरावा जमिनीच्या दाव्याला जोडू.

जिंदाबाद!