पहिलं नाव हॅरी विल्सचं
(आकाशवाणीवरील भाषण)



बॉक्सिंगचा नाद असलेली चार माणसं एकत्र बसली की आज ना उद्या हा वाद निघतोच. गोरा जगज्जेता जॅक डेम्सी आणि त्याचा काळा आव्हानवीर हॅरी विल्स समोरासमोर उभे राहिले असते, तर कोण जिंकलं असतं? लढत व्हायची होती १९२०च्या दशकात, अमेरिकेत. शंभर वर्षं होत आली, वाद मिटलेला नाही. एक जण डेम्सीच्या डाव्या हुकचं नाव घेतो, दुसरा विल्सच्या ताकदीचं, तिसरा दोघांची वजनं सांगू लागतो आणि रात्र सरते.

वाद जरूर घाला. मलाही त्यात गोडी आहे, माझं मतही आहे आणि ते मी सांगणार आहे. पण त्याआधी माझं एक मागणं आहे. ही लढत आपोआप हुकलेली नाही, ती माणसांनी होऊ दिली नाही. म्हणून कोण जिंकलं असतं हे विचारण्याआधी, लढायला कोण तयार होतं आणि त्याला कुणी लढू दिलं नाही, हे विचारा. माझ्या या दहा मिनिटांतलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं ध्यानात ठेवा.

असं बघा. गावात पुरणपोळीची पंगत बसली आहे. सर्वांत जास्त पोळ्या कोण खातो, अशी पैज लागली आहे. एक गडी पाटावर बसला आहे. त्याच्या तोडीचा दुसरा गडी उंबऱ्याबाहेर उभा आहे. त्याचा जन्म ज्या घरात झाला, त्या घरच्यांना आत घ्यायचं नाही असं ठरलेलं आहे. पंगत उठते, बसलेल्याच्या गळ्यात हार पडतो. आणि मग पुढची शंभर वर्षं आपण सुपारी कातरत बोलत बसतो, की तो बाहेरचा आत आला असता तर त्यानं किती पोळ्या खाल्ल्या असत्या! अहो, आधी हे विचारा ना, की त्याला पाट कुणी दिला नाही?

आता मुद्द्यावर येतो, आणि सुरुवात विल्सच्या आधीच्या एका काळ्या बॉक्सरपासून करतो. जॅक जॉन्सनची कथा तुम्हाला ठाऊक आहे. १९०८ साली सिडनीत टॉमी बर्न्सला हरवून तो पहिला काळा हेवीवेट जगज्जेता झाला. ४ जुलै १९१० रोजी रीनो इथे त्यानं जिम जेफ्रीजला नमवलं आणि त्या रात्री अमेरिकेच्या अनेक शहरांत दंगली पेटल्या. माणसं मेली, आणि मेलेल्यांत बहुतेक काळे होते. पुढे १९१२ साली बॉक्सिंगच्या लढतींच्या फिल्म एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यावर कायद्यानं बंदी घातली गेली. गोरा माणूस हरताना लोकांनी पाहू नये, एवढाच त्यामागचा हेतू. १९१५ साली हवानात जेस विलार्डनं जॉन्सनला सव्विसाव्या फेरीत पाडलं आणि दार बंद झालं. ते उघडलं १९३७ साली, जो लुईस शिकागोत जिम ब्रॅडॉकसमोर उभा राहिला तेव्हा. मधली बावीस वर्षं एकाही काळ्या बॉक्सरला हेवीवेटच्या किताबासाठी लढायची संधी मिळाली नाही. बावीस वर्षं! बॉक्सरचं सारं आयुष्य त्यात दोनदा संपतं.

हॅरी विल्सचं आयुष्य याच बावीस वर्षांत गेलं. जन्म १८८९चा, गाव न्यू ऑर्लिन्स. तरुणपणी गोदीत मालाची चढ-उतार करायचा. उंच, रुंद खांद्यांचा, शंभर किलोंच्या आसपासचा गडी. गोरे बॉक्सर काळ्यांशी लढायला नाखूश, मग काळ्यांनी आपसांतच लढायचं. त्यामुळे सॅम लँगफर्डसारख्या थोर बॉक्सरशी विल्स पंधराहून अधिक वेळा लढला. त्याच त्या माणसाशी, शहरं बदलून, पुन्हा पुन्हा. पोट तर भरायचं होतं. काळ्या बॉक्सरांसाठी जो वेगळा जागतिक किताब होता, तो त्यानं जिंकला. खरा किताब मात्र दुसऱ्या खोलीत ठेवलेला होता.

तो होता जॅक डेम्सीकडे. ४ जुलै १९१९ रोजी टोलेडो इथे डेम्सीनं विलार्डला पहिल्याच फेरीत सात वेळा खाली पाडलं. अंगावर काटा यावा अशी ती कामगिरी. आणि किताब हातात पडताच त्यानं जाहीर केलं, की काळ्या आव्हानवीराला आपण संधी देणार नाही. आता हे ऐका. त्याच डेम्सीच्या सरावाच्या तळावर बिल टेट नावाचा उंचापुरा काळा बॉक्सर त्याचा सरावाचा जोडीदार होता. सरावाला चालतो, किताबाला चालत नाही. पुरण वाटायला, चूल फुंकायला हवा, पानावर बसायला नको. हा हिशेब आपल्या श्रोत्यांना मी वेगळा समजावून सांगायची गरज नाही.

तरीही मागणी थांबली नाही. वर्तमानपत्रांतून, न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या काळ्यांच्या वस्तीतून, लोकांकडून डेम्सी-विल्स लढतीची हाक येतच राहिली. १९२२ साली करारावर सह्या झाल्या, तारीख कधी ठरलीच नाही. १९२४ साली तर तिकिटं छापली गेली, लढत झाली नाही. १९२५ साली मिशिगन राज्यात पुन्हा करार झाला. विल्सला पन्नास हजार डॉलर मिळाले. डेम्सीला ठरलेली आगाऊ रक्कम मिळाली नाही, चेक वटला नाही आणि त्यानं अंग काढून घेतलं. म्हणजे बघा, पान मांडलं, रांगोळी घातली, वाढायला सुरुवात होणार तोच यजमान म्हणाला, आज राहू द्या. आणि हे एकदा नाही, तीनदा!

यजमान कोण? टेक्स रिकर्ड, त्या काळातला सर्वांत मोठा प्रवर्तक. रीनोची १९१०ची लढत यानंच भरवली होती आणि पंच म्हणूनही हाच उभा होता. नंतरच्या दंगली त्यानं पाहिल्या होत्या. पुन्हा काळा-गोरा सामना लावायला तो तयार नव्हता आणि बोट दाखवायचा राजकारण्यांकडे. डेम्सीचा व्यवस्थापक जॅक कर्न्सही गप्प. डेम्सी पुढे आयुष्यभर सांगत राहिला, की मी तयार होतो, लढत दुसऱ्यांनी होऊ दिली नाही. असेलही. पण १९१९चं ते जाहीर वचन त्याचंच होतं. आणि सप्टेंबर १९२३मध्ये लुईस फिर्पोला हरवल्यावर तीन वर्षं त्यानं किताब एकदाही पणाला लावला नाही, हीही नोंद त्याच्याच नावावर आहे.

न्यूयॉर्कच्या बॉक्सिंग आयोगाला मात्र मानलं पाहिजे. जेम्स फार्ली आणि त्यांचे सहकारी अडून बसले, की डेम्सीनं आधी विल्सशी लढावं, मग दुसऱ्या कुणाशी. परिणाम काय झाला? डेम्सी आणि जीन टनी यांची लढत न्यूयॉर्कमधून उचलून फिलाडेल्फियाला नेली. सप्टेंबर १९२६मध्ये लाखावर माणसं पावसात बसून ती बघत होती. डेम्सी गुणांवर हरला. किताब टनीकडे गेला आणि विल्सचं प्रकरण तिथेच संपलं. नियम आड आला तर गावच बदललं, त्या माणसाला पाट मात्र दिला नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं खरं, पण जिंकलं कोण असतं ते सांगा. सांगतो.

डेम्सीच्या बाजूनं बोलणारे म्हणतात, उंच माणसाविरुद्ध तो नेहमीच खुलायचा. वाकून, डोलत आत शिरायचा आणि जवळून हुक मारायचा. विलार्ड त्याच्याहून कितीतरी मोठा होता, फिर्पोही मोठा होता, दोघेही पडले. शिवाय लँगफर्डनं विल्सला दोनदा गारद केलं होतं, म्हणजे विल्स पडू शकत होता. मुद्दा बिनतोड वाटतो. पण विलार्ड डेम्सीसमोर आला तो तीन वर्षं किताबासाठी न लढता, सुस्तावून. फिर्पो ताकदीचा खरा, पण कच्चा. त्यानं डेम्सीला दोरांमधून रिंगबाहेर फेकलं होतं, हेही विसरू नका. विल्स या दोघांसारखा नव्हता. तो जवळच्या लढतीतच वाकबगार होता. प्रतिस्पर्ध्याला एका हातानं धरून ठेवून दुसऱ्या हातानं मारायचा. म्हणजे डेम्सी जिथे शिरू पाहायचा, तिथे विल्सचंच राज्य. आणि ११ सप्टेंबर १९२४ रोजी जर्सी सिटीत विल्सनं फिर्पोशी बारा फेऱ्या खेळून काढल्या. निकाल जाहीर करायची तिथे पद्धत नव्हती, पण वर्तमानपत्रांनी कौल विल्सला दिला.

माझं मत विचाराल तर, १९१९ ते १९२१ या काळात डेम्सीचा जो जोर होता, त्यात तो पहिल्या तीन फेऱ्यांत जिंकला असता. पहिल्या तीन फेऱ्या विल्सनं निभावल्या असत्या, तर पुढची लढत विल्सची होती. मी हे छातीठोकपणे म्हणतो, पण या मताची किंमत किती? शून्य. कारण याचं उत्तर देऊ शकणारे जगात दोघंच होते, आणि त्यांतल्या एकाला आत येऊ दिलं नाही.

आणि इथे मला तुम्हाला थोडं रागवायचंही आहे. पुष्कळ जण दाखला देतात, की १९२६ साली जॅक शार्कीविरुद्ध विल्स नियमभंगामुळे बाद झाला, १९२७ साली पाउलिनो उझकुदुननं त्याला चौथ्या फेरीतच लोळवलं, म्हणजे डेम्सीनंही त्याला लोळवलाच असता. हे बोलणं मला सहन होत नाही. १९१९ साली विल्स तिशीत होता. १९२७ साली तो अडतिशीत होता. मधली आठ वर्षं त्याला उंबऱ्यावर उभं केलं. ऐन भुकेच्या वेळी पाट दिला नाही, आणि भूक मेल्यावर त्याच्यापुढे शिळं ताट सरकवून म्हणायचं, बघा, दोन घासांत उठला! हा न्याय नव्हे. ताटकळत ठेवणं हाच त्या लढतीचा निकाल होता आणि तो डेम्सीच्या बाजूनं लावला गेला. पुन्हा सांगतो, कारण हे ऐकून न ऐकल्यासारखं होतं. वाट पाहायला लावणाऱ्याचं वय वाढतं, तसं वाट पाहणाऱ्याचंही वाढतं. पण एकाच्या कमरेला किताबाचा पट्टा असतो, दुसऱ्याच्या नसतो.

रेडिओवरून बोलतोय, म्हणून रेडिओचीच एक गोष्ट सांगतो. १९६७ साली अमेरिकेत मरी वोरोनर नावाच्या माणसानं एक स्पर्धा भरवली. सगळ्या काळांतल्या हेवीवेट विजेत्यांपैकी सोळा जण निवडले, त्यांची माहिती संगणकात घातली आणि संगणकानं दिलेला निकाल खऱ्या लढतीच्या समालोचनासारखा रेडिओवरून ऐकवला. लोक कान देऊन ऐकत होते. अंतिम फेरीत रॉकी मार्सियानोनं डेम्सीला हरवलं. त्या स्पर्धेत जेफ्रीजकडून आपण हरल्याचं ऐकून मुहम्मद अलीनं दावा ठोकला. मग अली आणि मार्सियानो यांना प्रत्यक्ष रिंगमध्ये उतरवून एक चित्रपट काढला. त्यात वेगवेगळे शेवट आधीच चित्रित करून ठेवले होते. जानेवारी १९७०मध्ये अमेरिकेच्या पडद्यावर तेराव्या फेरीत मार्सियानो जिंकला. तोवर बिचारा मार्सियानो विमान अपघातात गेलाही होता.

आता त्या सोळा जणांत हॅरी विल्स कुठे होता? नव्हता. स्पर्धा विजेत्यांची होती, आणि विजेता व्हायची संधीच त्याला मिळालेली नव्हती. खऱ्या पंगतीत पाट नाही, म्हणून कल्पनेतल्या पंगतीतही पाट नाही! यंत्राचा यात दोष नाही. यंत्राला नावं माणसांनी दिली. माझी तळमळ आहे ती इथे. आपण जेव्हा मौजेनं असे सामने लावतो, तेव्हा यादी कुठून घेतो? ज्यांना संधी मिळाली त्यांच्यातूनच. मग जुना अन्याय आपल्याच तोंडून पुन्हा एकदा होतो, आणि आपल्याला कळतही नाही.

हे फक्त गोऱ्यांचंच पाप, असंही समजू नका. जॉन्सन स्वतः विजेता झाल्यावर त्यानं सॅम लँगफर्डला किताबासाठी कधी बोलावलं नाही. गोऱ्यांशी लढण्यात पैसा अधिक होता.

शेवटचं सांगतो. विल्सनं रडत आयुष्य काढलं नाही. बॉक्सिंगमधून मिळालेला पैसा त्यानं हार्लेममध्ये घरांमध्ये गुंतवला, नीट सांभाळला आणि १९५८ साली तो वारला. १९९२ साली आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागलं, त्याच्या मृत्यूनंतर चौतीस वर्षांनी.

तेव्हा श्रोतेहो, वाद घाला. हुक, पवित्रा, वजन, वय, सगळं काढा. डेम्सीही थोर होता, त्याला कमी लेखू नका. पण ज्या लढती झाल्या नाहीत त्यांच्याविषयी बोलताना, लढायला जो तयार होता त्याचं नाव आधी घ्या. मुलांना सांगताना तर नक्कीच घ्या. डेम्सी आणि विल्स असं म्हणू नका. विल्स आणि डेम्सी म्हणा.