पुण्याचा प्लेग आणि नोएडाची सीमा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाचे निमित्त साधून आम्ही काही बोलावे, अशी कार्यकारिणीने आज्ञा केली आणि विषय आमच्यावर सोपविला. ‘बृहन्महाराष्ट्रातील मराठी माणूस’ हा निर्धोक विषय हाताशी होताच. परंतु या नगरीच्या वयाचा हिशेब करू लागलो आणि मन भलतीकडेच गेले. नोएडाची स्थापना झाली १७ एप्रिल १९७६ रोजी, म्हणजे ऐन आणीबाणीत. त्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, २८ एप्रिलला, पलीकडच्या तीरावर दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, आणीबाणी चालू असताना स्थानबद्ध माणसाला आपल्या सुटकेसाठी न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही. चार विरुद्ध एक असा तो निकाल होता. त्या चारांत आपले यशवंतराव चंद्रचूडही होते, हे मराठी माणसाने विसरू नये.

ती आणीबाणी निदान नाव घेऊन आली होती. २०२० साली जी आली तिला नाव नव्हते. राज्यघटनेतील आणीबाणीचे कलम कोणी वापरले नाही. २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आणि १८९७ चा साथरोग कायदा, एवढ्या दोन कागदांवर सारा देश घरात बसला. यांतील दुसऱ्या कागदाचा मराठी माणसाशी जुना, रक्ताचा संबंध आहे, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने बोलावे म्हणतो.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांना प्लेगचा रोगी आढळला आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजी हा कायदा संमत झाला. कलमे मोजून चार. पहिल्यात नाव. दुसऱ्यात सरकारला वाटेल ते तात्पुरते नियम करण्याचा, प्रवाशांची तपासणी करण्याचा व संशयितांना वेगळे ठेवण्याचा अधिकार. तिसऱ्यात, नियम मोडणारा भारतीय दंडसंहितेच्या १८८ व्या कलमाखाली अपराधी. चौथ्यात, या कायद्याखाली सद्भावनेने केलेल्या कृत्याबद्दल कोणावरही दावा चालणार नाही. ‘तात्पुरते’ म्हणजे किती दिवस, हे त्यात नाही. तक्रार कोठे करावी, हेही नाही.

पुढे पुण्यात काय झाले ते आपण शाळेत शिकलो आहोत. रँडसाहेबाची प्लेग कमिटी, मार्चपासून मे महिन्यापर्यंत गोऱ्या सोजिरांच्या घरझडत्या, देवघरात व स्वयंपाकघरात गेलेले बूट, रस्त्यावर काढून जाळलेले सामान. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी त्याचा सूड घेतला. पण शाळेच्या पुस्तकात एक गोष्ट सहसा नसते. तपासण्यांविरुद्ध रीतसर तक्रारी करणारे नातू बंधू होते. गोळ्या झाडल्या गेल्यावर त्या दोघांना १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनाखाली पकडले, आणि कोणताही खटला न चालविता ते १८९९ पर्यंत अडकून राहिले. गोखल्यांनी विलायतेत सोजिरांच्या अत्याचारांबद्दल लिहिले. पुराव्यादाखल नावे देता येईनात, तेव्हा मायदेशी येऊन त्यांना जाहीर माफी मागावी लागली. टिळकांना राजद्रोहाबद्दल अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. तक्रारीची वाट बंद केली की माणूस कोठे जातो, याचे उत्तर त्या एका वर्षात तीन तऱ्हांनी मिळाले.

याचा अर्थ प्लेग खोटा होता असा नव्हे. टिळकांनी प्लेगचे रुग्णालय काढले, पुणे सोडून पळणाऱ्या पुढाऱ्यांची ‘केसरी’त खरडपट्टी काढली. सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करताना त्याच प्लेगने १० मार्च १८९७ रोजी गेल्या. उपाय हवेच होते. परंतु रोग उंदरांवरच्या पिसवांतून पसरतो हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखविले ते १८९८ साली! म्हणजे ज्या वेळी सोजीर माणसांना घराबाहेर ओढून त्यांच्या काखा तपासत होते, त्या वेळी खरा अपराधी छपरावरून पळत होता. ज्ञान अर्धे होते. अधिकार मात्र पुरा होता.

आता आपल्या गावी येऊ. तोच कायदा, तेच १८८ वे कलम. मार्च २०२० अखेर याच उत्तर प्रदेशात, बरेलीत, गावी परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्या अंगावर जंतुनाशक फवारले गेले. २१ एप्रिलला गौतम बुद्ध नगर जिल्ह्याने दिल्लीची सीमा बंद केली. इकडे घर आणि तिकडे नोकरी, अशी आपल्यापैकी निम्म्या लोकांची स्थिती. अखेर ४ जूनला सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की, दिल्ली, हरियाणा आणि उत्तर प्रदेश यांनी बसून एकच समाईक धोरण ठरवावे. त्याआधी, मेच्या पहिल्या आठवड्यात, इथल्या पोलिसांचा आदेश निघाला: ज्याच्याकडे स्मार्टफोन आहे आणि त्यात ‘आरोग्य सेतु’ नाही, त्याने टाळेबंदीचा भंग केला असे समजले जाईल. शिक्षा १८८ खाली, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. हा हजाराचा आकडा १८६० सालचा आहे. खिशातल्या यंत्रात काय आहे यावरून माणूस अपराधी ठरावा, ही कल्पना रँडसाहेबालाही सुचली नसती.

येथपर्यंत सरकारला बोल लावणे सोपे आहे. कठीण भाग पुढचा.

मार्चअखेर आमच्या सोसायटीच्या फाटकावर एक नोटीस लागली. ती सरकारने लावली नव्हती, आम्हीच लावली. घरकाम करणाऱ्या बायका, गाड्या धुणारी मुले, इस्त्रीवाला यांना प्रवेश बंद. टाळेबंदी होती तोवर तिला सरकारी आदेशाचा आधार होता. पण टाळेबंदी सैल झाली तरी नोटीस तशीच राहिली. आम्ही मॉलमध्ये जाऊ लागलो, तरी धुणीभांडी करणारी बाई संशयित ती संशयितच. कोणी तिचा पगार दिला, कोणी दिला नाही. तिने दाद कोठे मागावी? फाटकावरच्या पहारेकऱ्याकडे? तो बिचारा आमचाच नोकर. वरून उतरलेला अधिकार पायरीपायरीने खाली येतो आणि शेवटी तो ज्याच्या हाती पडतो त्याला त्याची गोडी लागते, हे आम्ही पुस्तकात वाचून नव्हे, स्वतःवरून सांगत आहोत.

८ मे २०२० च्या पहाटे औरंगाबादजवळ करमाड येथे रुळांवर झोपलेल्या सोळा मजुरांवरून मालगाडी गेली. जालन्याहून निघून, रुळांच्या कडेने चालत, ते मध्य प्रदेशातील आपल्या गावी निघाले होते. ती बातमी वाचून आमच्या घरी कोणी जेवले नाही. तरीही फाटकावरची नोटीस काढावी असे मात्र त्या दिवशी कोणाच्या मनात आले नाही.

न्यायालयांचे म्हणाल तर चित्र संमिश्र आहे. १९७६ चा तो निकाल चुकीचा होता, असे २०१७ च्या खासगीपणाच्या निर्णयात धनंजय चंद्रचूड यांनी लिहिले. वडिलांचा निकाल मुलाने पुसला. व्यक्तीच्या आयुष्यात सरकारला डोकवायचे असेल तर त्याला कायद्याचा आधार हवा, हेतू योग्य हवा आणि उपाय प्रमाणात हवा, अशी कसोटी त्या निर्णयात आहे. ३० एप्रिल २०२१ रोजी, आपण सारे प्राणवायूच्या नळकांड्यांसाठी वणवण फिरत होतो तेव्हा, त्याच न्यायमूर्तींच्या खंडपीठाने बजावले की मदतीची हाक समाजमाध्यमांवर देणाऱ्या नागरिकावर कारवाई केल्यास तो न्यायालयाचा अवमान समजला जाईल. आणि २ मे २०२२ ला, लस कोणावरही बळाने टोचता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. पण हे सारे मागाहून. सीमेवर भर उन्हात उभ्या असलेल्या माणसाच्या हाती यातले काही नव्हते. टाळेबंदी मोडल्याचे खटले मागे घेण्याचे उत्तर प्रदेश सरकारने २०२१ मध्ये ठरविले, हेही मागाहूनच.

मूळ कायदा अजून आहे तोच आहे. २०२० मध्ये त्यात भर पडली ती डॉक्टर-परिचारिकांवर हल्ला करणाऱ्यास सात वर्षांपर्यंत शिक्षेची, आणि ती योग्यच होती. २०१७ साली सार्वजनिक आरोग्याच्या नव्या विधेयकाचा मसुदा निघाला, पण तो संसदेपर्यंत पोचला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगाने आपल्या २८६ व्या अहवालात या कायद्याच्या उणिवा दाखवून नवा सर्वंकष कायदा तरी करावा किंवा याची डागडुजी तरी करावी, असे सुचविले. १८८ व्या कलमाची जागा आता न्याय संहितेच्या २२३ व्या कलमाने घेतली आहे. क्रमांक बदलला आणि शिक्षा वाढली.

पुढच्या साथीच्या वेळी आदेश निघतीलच. तेव्हा आपल्या मंडळाने एक साधे काम अंगावर घ्यावे असे आम्हांला वाटते: आदेश लेखी मागावा, तो कोणत्या कायद्याखाली आणि कोणत्या तारखेपर्यंत आहे हे विचारावे, आणि त्याचा मराठी-हिंदी सारांश लावावा, म्हणजे फाटकाबाहेरच्यालाही तो वाचता येईल. यात कोणाशी भांडण नाही. मंडळात वकील आहेत, डॉक्टर आहेत, निवृत्त अधिकारी आहेत. मनात आणल्यास होण्याजोगे आहे.

ती नोटीस आम्ही जपून ठेवली आहे. आज येताना बरोबर आणली. तिच्यावर तारीख आहे, समितीच्या सह्या आहेत, त्यांत आमचीही आहे. ती केव्हा संपते ते मात्र लिहिलेले नाही. भाषणानंतर कोणाला पाहायची असेल तर अवश्य पाहावी.