पंप बदलण्याआधी

दुसऱ्या पिढीच्या टोयोटा प्रियसमध्ये लाल त्रिकोण पेटतो, स्कॅनर ‘पी-०-ए-९३’ दाखवतो आणि गॅरेजवाला लगेच नवा पंप सुचवतो. जरा थांबा. हा कोड इन्व्हर्टरच्या कूलिंगचा आहे, आणि इन्व्हर्टरचं कूलंट इंजिनाच्या कूलंटपेक्षा वेगळं फिरतं. थंड गाडी ‘रेडी’ करून इन्व्हर्टरच्या टाकीत बघा. कूलंट खळबळत असेल तर पंप चालतोय. मग लाइनमध्ये अडकलेली हवा काढा, कनेक्टरच्या पिना तपासा. रात्रभर उभ्या गाडीत स्कॅनरवर इन्व्हर्टरचं तापमान बाहेरच्या हवेहून खूपच जास्त दिसलं, तर सेन्सर किंवा त्याच्या वायरिंगवर संशय घ्या. १२ व्होल्टची बॅटरीही मोजा. ती उतरली की भलतेच कोड येतात. केशरी वायरींना मात्र हात लावू नका; तिथे ५०० व्होल्टपर्यंत दाब असतो.