दुसऱ्या टाकीसाठी जुना स्पंज

घरी मासे पाळणाऱ्यांची एक टाकी नीट चालू लागली की लवकरच दुसरीची गरज भासू लागते. गप्पीची पिल्लं वाढतात, मोलींची दाटी होते, एंजलची जोडी अंडी घालते आणि बाकीच्यांना कोपऱ्यात पिटाळते. मग नवी टाकी येते, खडे चार पाण्यांनी धुतले जातात, नळाचं पाणी भरलं जातं आणि दोन-चार दिवसांत मासे सोडले जातात. सुरुवातीचे दिवस बरे जातात. नंतर मासे वर येऊन तोंड वासू लागतात, खाणं टाकतात, आणि एकेक करून मरतात. पाणी मात्र आरपार स्वच्छ दिसत असतं, त्यामुळे दोष माशांच्या जातीवर जातो, नाहीतर दुकानदारावर. यांतले बहुतेक मृत्यू टाळता येण्यासारखे आहेत. ज्यांच्या घरी एक जुनी, सुरळीत चालणारी टाकी आहे, त्यांना तर त्यासाठी काही विकतही आणावं लागत नाही. जुन्या फिल्टरमधला मळकट स्पंज नळाखाली न धुता नव्या टाकीत न्यायचा, आणि त्याच्या ताकदीइतकेच मासे तिथे सोडायचे. एवढंच आज मला सांगायचं आहे. पण ते पटावं म्हणून त्यामागची कारणं जरा सविस्तर मांडतो.

मासा जे खातो त्यातल्या प्रथिनांचा नायट्रोजन तो मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपात बाहेर टाकतो. नदीत तो वाहून जातो, टाकीत साचतो. साचलेला अमोनिया किती घातक ठरेल हे पाण्याच्या पीएचवर फार अवलंबून असतं. २५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात पीएच ७ असेल, तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की हेच प्रमाण पाच टक्क्यांच्या वर जातं. दख्खनच्या काळ्या खडकातल्या बोअरवेलचं पाणी बहुधा जड आणि अल्कधर्मी असतं. असं पाणी भरणाऱ्याच्या नव्या टाकीत थोडासा अमोनियाही माशांना सोसत नाही. जुन्या टाकीत मात्र सूक्ष्मजीवांची एक फळी अमोनियाचं नायट्राइट करते आणि दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. मधलं नायट्राइटही विषच आहे. त्याने माशाचं रक्त तपकिरी पडतं आणि त्याची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटते. नायट्रेट त्या मानाने सौम्य, ते अधूनमधून पाणी बदलून काढून टाकता येतं. नव्या टाकीत या दोन्ही फळ्या आपोआप उभ्या राहायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. पहिल्या आठवड्यानंतरचे मृत्यू होतात ते याच काळात.

नायट्रीकरणाचं, म्हणजे अमोनियाचं नायट्रेट करण्याचं, हे काम सजीवच करतात आणि त्यांना बाहेरून आणून बसवता येतं, हे कळलं १८७७ मध्ये फ्रान्समध्ये. श्लोसिंग आणि म्युन्झ या दोघांनी काचेच्या लांब नळीत वाळू आणि चुनखडी भरून तिच्यातून गटाराचं पाणी हळूहळू झिरपू दिलं. सुमारे वीस दिवस खालून निघणाऱ्या पाण्यात अमोनिया तसाच येत राहिला. मग त्याच्या जागी नायट्रेट दिसू लागलं. त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, तेव्हा ही क्रिया थांबली. क्लोरोफॉर्म निघून गेल्यावरही ती आपण होऊन सुरू झाली नाही. मातीचा थोडा अंश पाण्यात कालवून वरून घातला, तेव्हा ती पुन्हा चालू झाली. दुसरी टाकी सुरू करण्याची सगळी विद्या या एका प्रयोगात आहे. वाळू तीच होती, पाणी तेच होतं, नव्हते ते फक्त काम करणारे जीव, आणि ते जिथे आधीपासून कामात होते तिथून आणल्याबरोबर खोळंबा संपला. त्यानंतर इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या शेतकी प्रयोगशाळेत रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी हे काम दोन टप्प्यांत होतं असं दाखवलं, आणि १८९० च्या सुमारास विनोग्रॅडस्की यांनी हे जिवाणू वेगळे करून वाढवले. याच वॉरिंग्टन यांच्या वडिलांनी, त्यांचंही नाव रॉबर्टच, १८५० मध्ये मासे, वनस्पती आणि गोगलगायी यांचा समतोल राखलेली काचेची टाकी लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे मांडली होती. वडिलांची टाकी कशाच्या बळावर टिकली, याचं अर्धं उत्तर मुलाच्या कामात मिळतं.

आता आपल्याकडे हमखास होणारी एक चूक पाहू. नव्या टाकीत जुन्या टाकीचं बादलीभर पाणी ओतायचं, म्हणजे दुधाला विरजण लावल्यासारखं सगळं जमून येईल, असं पुष्कळांना वाटतं. पण विरजणातले जिवाणू दह्यात सर्वत्र पसरलेले असतात, आणि टाकीतले हे सूक्ष्मजीव पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते पृष्ठभागाला चिकटून, स्वतःभोवती बुळबुळीत थर करून राहतात: स्पंजच्या छिद्रांत, सिरॅमिकच्या नळ्यांवर, खड्यांवर, पानांवर. जिथून प्राणवायूने भरलेलं पाणी सतत वाहतं तिथे त्यांची सर्वांत दाट वस्ती असते, आणि ती जागा म्हणजे फिल्टर. त्यामुळे बादलीभर जुन्या पाण्यातून येतं ते मुख्यतः नायट्रेट; कामकरी फारच थोडे येतात. शिवाय ते वाढतातही सावकाश. ई. कोलाय हा आतड्यातला जिवाणू प्रयोगशाळेत वीस मिनिटांत दुप्पट होतो. नायट्रीकरण करणाऱ्यांना परिस्थिती चांगली असली तरी अनेक तास, पुष्कळदा दिवस किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. म्हणूनच मूठभरांपासून सुरुवात केली की आठवडे जातात आणि भरल्या वस्तीपासून केली की काही दिवसांत निभावतं. फरक सगळा सुरुवातीच्या संख्येचा आहे.

हे जीव नेमके कोण, याचा शोध अजूनही चालू आहे, आणि स्पंजच्या बाजूने मला सर्वांत जोरकस वाटणारा पुरावा तिथेच मिळतो. नायट्राइटचं काम नायट्रोबॅक्टर करतो असं कितीतरी वर्षं टाक्यांवरच्या पुस्तकांत छापलं जात होतं. १९९८ मध्ये अमेरिकेत टिमोथी होव्हानेक आणि सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या टाक्यांतल्या जिवाणूंचा डीएनए तपासला, तेव्हा ते काम नायट्रोस्पायरा या निराळ्याच गटाकडे असल्याचं दिसलं. २०११ मध्ये कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या संशोधकांना आढळलं, की गोड्या पाण्याच्या बहुतेक टाक्यांच्या फिल्टरांत अमोनियाचं काम करणाऱ्यांमध्ये संख्येने वरचढ आहेत ते आर्किया, म्हणजे जिवाणूंहून वेगळ्याच कुळातले सूक्ष्मजीव. मग २०१५ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं, की नायट्रोस्पायराच्या काही जाती अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचं सगळं काम एकट्याच करू शकतात. त्यांतल्या नेदरलँड्सच्या गटाला त्या सापडल्या मत्स्यपालनाच्या एका फिल्टरमध्ये. शास्त्रज्ञांची ही यादी तीनदा बदलली, पण जुन्या स्पंजचं काम त्यामुळे एकदाही अडलं नाही. त्यात तुमच्या पाण्याला, तापमानाला आणि माशांच्या संख्येला जुळवून घेतलेली सगळीच मंडळी असतात, त्यांची नावं आपल्याला ठाऊक असोत वा नसोत. बाटलीतून येणाऱ्या जिवाणूंबद्दल असं म्हणता येत नाही. काही बाटल्या खरोखर उपयोगी पडतात, हे मान्य. ज्याच्याकडे जुनी टाकीच नाही त्याने त्या जरूर वापरून पाहाव्यात. पण नायट्रीकरण करणारे जिवाणू बीजाणू करून निद्रिस्त राहू शकत नाहीत, त्यामुळे मे महिन्याच्या उकाड्यात दुकानाच्या फळीवर पडून राहिलेल्या बाटलीत किती जिवंत उरले असतील हे वेष्टनावरून कळत नाही. काही बाटल्यांत बॅसिलस असतात. ते बीजाणू करतात म्हणून टिकतात, पण त्यांचं मुख्य काम सेंद्रिय घाण कुजवण्याचं. अमोनियाचा भार त्यांच्यावर टाकता येत नाही.

या पद्धतीवर घेतला जाणारा सर्वांत गंभीर आक्षेप रोगाचा आहे आणि तो खरा आहे. स्पंजाबरोबर पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा परजीवी येऊ शकतो, गोगलगायींची अंडी येतात, आणि क्षयाच्या जंतूंशी नातं असलेला मायकोबॅक्टेरियम मरिनमही अशाच थरांत राहू शकतो. हा शेवटचा तर माणसाच्या हातावरच्या जखमेतूनही त्रास देतो. म्हणून अनोळखी टाकीतला, दुकानातल्या टाकीतला किंवा अलीकडेच मासे मेलेल्या टाकीतला स्पंज घेऊ नये. पण आपण बोलतो आहोत ते घरातल्याच दुसऱ्या टाकीबद्दल. तिथे जाणारे मासेही बहुधा पहिल्याच टाकीतले असतात, म्हणजे स्पंजमधून त्यांना असं काही भेटत नाही जे त्यांना आधी भेटलेलं नाही. दुसरा आक्षेप असा, की स्पंज काढला तर जुनी टाकी दुबळी होईल. इथे हिशेब सोपा आहे. या जिवांची संख्या त्यांना मिळणाऱ्या अमोनियाएवढी असते. वीस माशांच्या टाकीतला अर्धा स्पंज आणि त्याबरोबर दहा मासे दुसरीकडे नेले, तर काम आणि कामकरी दोन्ही सारखेच वाटले गेले. कोणतीच टाकी अडत नाही. अडचण येते ती लोक चिमूटभर स्पंज टाकतात आणि त्याच संध्याकाळी वीस नवे मासे आणतात तेव्हा. आणि ज्यांना निसर्गावर सोडून द्यायला आवडतं त्यांना मी एवढंच म्हणेन, की हे जीव हवेतून, पाण्यातून, खड्यांवरून कधीतरी येतातच, हे खरं. पण ते येऊन वाढेपर्यंतचे आठवडे काढायचे असतात माशांना. त्यांचे कल्ले भाजू देण्याची गरज नसताना ते भाजू देणं मला समर्थनीय वाटत नाही.

प्रत्यक्षात काय करायचं ते थोडक्यात. नवी टाकी भरून, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवून, एअर पंप चालू करून आधी तयार ठेवा; क्लोरीन माशांइतकंच या जिवांनाही मारतं. मग स्पंज जुन्या टाकीच्याच पाण्यात बुडवून, त्याच दिवशी हलवा. वाळू देऊ नका, उन्हात ठेवू नका, घट्ट झाकणाच्या डब्यात कोंडू नका. तो नव्या टाकीत पिळला तर तपकिरी गाळाचा ढग उठतो आणि पाणी तासभर गढूळ दिसतं. त्यात थोडे जीव असतात, पण खरी वस्ती स्पंजच्या तंतूंना धरून राहते, म्हणून पिळून परत नेऊ नका, तो तिथेच राहू द्या. गोड्या पाण्याचा स्पंज समुद्राच्या पाण्याच्या टाकीत चालत नाही. मासे त्याच दिवशी सोडा, कारण अमोनिया मिळाला नाही तर वस्ती उतरणीला लागते. पुढचे दोन आठवडे खाणं हात राखून घाला आणि दर एक-दोन दिवसांनी थेंबांच्या चाचणीने पाणी तपासा. नेहमीच्या चाचण्यांत अमोनियाची नळी पिवळी आणि नायट्राइटची फिकट निळी राहायला हवी. पहिली हिरवट किंवा दुसरी जांभळट दिसली की तिसरा हिस्सा पाणी बदला. सलग आठवडाभर दोन्ही रंग जागेवर राहिले की मगच आणखी मासे आणा, तेही थोडेथोडे.

दुसऱ्या टाकीचा विचार अजून मनातही नसेल, तरी जुन्या टाकीत एक जादा स्पंज फिल्टर आजच लावून ठेवा. महिना-दीड महिन्यात तो भरून येतो. एखादा मासा आजारी पडला, किंवा नवा मासा काही आठवडे वेगळा ठेवायचा झाला, की तोच फिल्टर उचलून साध्या प्लास्टिकच्या टबात लावता येतो आणि तासाभरात चालती टाकी तयार होते. मात्र त्या टबात प्रतिजैविकं वापरली असतील, तर तो स्पंज जुन्या टाकीत परत नेऊ नका. तो टाकून द्या, आणि त्याच्या जागी नवा भरायला ठेवा.